मीठ-कोळशाचा खड्डा

बयाबाईच्या घरात लाईटचं बटन लाटण्यानं दाबायचं, असा नियम होता. बोर्डाशेजारच्या खुंटीला एक चिरलेलं लाटणं सुतळीनं टांगलेलं असे. पाहुणा आला आणि त्यानं सवयीनं बटनाकडं बोट नेलं, की आतून आवाज यायचा, "हात लावू नगा! लाटणं घ्या!"

गावातली पोरं हसायची. पण बयाबाईची मोरी म्हैस विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला अंग घासायला गेली आणि तिथंच पाय ताठ करून पडली, तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती. ती तार साधी लोखंडी होती, खांबाला आधार द्यायला लावलेली. तिच्यात करंट नसतो, असं सगळे सांगत आले होते. त्या दिवसापासून बयाबाईनं ठरवलं, की ज्याच्यात काही नाही असं लोक सांगतात, त्याच्यापासून आधी दूर राहायचं.

मग हा स्वभाव सगळीकडंच पसरला. दूध घालायला आलेल्या गवळ्याच्या मापात ती बोट फिरवून बघायची. गिरणीत तांदूळ भरडायला टाकला, की गिरणीच्या दारातून हलायची नाही. देवळात पुजाऱ्यानं प्रसाद दिला तर तो मात्र डोळे मिटून तोंडात टाकायची. देव फसवत नाही, एवढं एक तिचं पक्कं होतं.

गाव कामशेतहून पवनेकडं जाताना आत वळून, डोंगराच्या पायथ्याला. घर मातीचं, काळ्या दगडाच्या जोत्यावर उभं. त्या भिंतींचा चिखल बयाबाईनं नवी नवरी असताना स्वतःच्या पायांनी तुडवला होता, त्यात भाताचं तूस आणि गवत टाकून. नवरा जानू भिंतीचे थर चढवी, ती खालून चिखलाचे गोळे देई. जानू गेल्यावर भावकीत वाटण्या झाल्या आणि त्याच घराच्या मधोमध एक भिंत आली. भिंतीपलीकडं धाकटा दीर अंबाजी आणि त्याची बायको रतनबाई. दोघी जावा एकाच वळचणीखाली राहायच्या, पण सणाचं ताटसुद्धा इकडून तिकडं जायचं नाही.

त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी बयाबाईच्या सुनेला, समीक्षाला, पहिल्यांदा दिवस राहिले, तेव्हा रतनबाई ओटी भरायला आली. ओटीतला नारळ घरी फोडला तो नासका निघाला. पुढं पंधरवड्यात समीक्षाचं पोट पडलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पहिल्या खेपेला असं होतं कधी कधी, कुणाचा दोष नसतो. बयाबाईनं मान हलवली. पण तो नारळ तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

आता समीक्षाला पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता. बयाबाई तिला उंबऱ्यावर बसू देत नव्हती, कातरवेळी बाहेर पडू देत नव्हती, आणि रतनबाईची नजर पडू नये म्हणून मागच्या दाराला गोणपाटाचा पडदा बांधला होता. हे पोर या घरात सुखरूप यावं, एवढंच तिचं मागणं होतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल.

मुलगा स्वराज नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यात होता. बायकोला ओढ्यावर धुणं न्यावं लागू नये, म्हणून त्यानं कपडे धुवायचं मशीन आणलं, फ्रिज आणला. पण घरात जानूच्या काळातली एकच लाईन, तीही उंदरांनी कुरतडलेली. नवं फिटिंग करायला कामशेतचे दोन वायरमन बघून गेले. एक म्हणाला, "ह्या भिंतीत खिळा धरत न्हाई." दुसरा म्हणाला, "आधी विटांचं बांधा, मग बोलवा." तिसरा आला तो विठ्ठल. तो तयार झाला.

बयाबाईला तिथंच पहिली शंका आली. जे काम दोघांनी नाकारलं, ते हा का करतो? आणि दुसरी शंका त्याहून मोठी, कारण विठ्ठल रतनबाईच्या बहिणीचा मुलगा.

"तुला दुसरा कोण गावला न्हाई का?" तिनं स्वराजला विचारलं.

"आई, मातीच्या घराचं काम त्यालाच जमतं. वळवंडीकडची किती घरं केलीत त्यानं."

"तिचा भाचा हाय त्यो."

"मग काय झालं? वायर काय नातं बघून जोडतात?"

विठ्ठल आला तो आधी भिंतींना कान लावत फिरला. बोटाच्या पेरानं ठक ठक करायचा, ऐकायचा, पुढं सरकायचा. बयाबाई त्याच्या पाठोपाठ.

"काय हुडकतोस रं?"

"पोकळ कुटं हाय ते बघतो, थोरली मावशी. उंदरांनी बिळं केलेली असत्यात. वायर तितनं न्हेली का संपली."

जुन्या घरांतलं पुरून ठेवलेलं सोनं लोक असंच ठोकून शोधतात, असं बयाबाईनं ऐकलं होतं. या भिंतींत तुसाशिवाय काही नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी ती त्याच्या मागं मागं राहिली.

काम मात्र तो निगुतीनं करत होता. भिंतीत खिळा धरत नाही म्हणून आधी लाकडी गुट्ट्या ठोकायचा, त्यांच्यावर पट्टी बसवायचा. जमेल तिथं भिंत सोडून मेढी आणि तुळईवरून वायर न्यायचा. जिथं खोबणी पाडावी लागली, तिथं शेण, माती आणि तूस कालवून इतकी सफाईनं लिंपायचा, की दुसऱ्या दिवशी जागा सापडायची नाही. बयाबाईला हेही आवडलं नाही. इतकं झाकायला येतं तो माणूस आणखी काय झाकत असेल?

दिव्यांच्या अवसेला गुरुवार आला. गुरुवारी त्या भागात दुरुस्तीसाठी लाईन बंद असते, म्हणून विठ्ठलनं उरलेलं काम त्याच दिवशी धरलं. बयाबाई मागच्या दाराशी पडद्याआड समया आणि निरांजनं राखेनं घासत बसली होती. संध्याकाळी पाटावर मांडून त्यांची पूजा करायची. घासता घासता तिचं लक्ष मागच्या अंगणाकडं गेलं.

घराच्या आग्नेय कोपऱ्याला, वळचणीच्या आत, विठ्ठल खड्डा खणत होता. कमरेपेक्षा खोल. वर पावसाची झड चालू होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून रतनबाई डोक्यावर इरलं घेऊन आली आणि काही न बोलता एक पाटी त्याच्यापुढं ठेवून गेली. पाटीत कोळसे होते.

बयाबाईच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं.

विठ्ठलनं पिशवीतून खडेमीठ काढलं. मग फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा काढला, चौकोनी, तळहाताहून मोठा. पत्रा खड्ड्याच्या तळाशी उभा धरला, त्याला तार जोडली, आणि वरून एक थर मीठ, एक थर कोळसा, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा.

"हे कशाला रं?" ती पडद्यामागून म्हणाली.

विठ्ठलच्या दातांत तारेचं टोक होतं. "लागतं, मावशी."

"अवसेलाच?"

"आज लाईन बंद हाय न्हवं." त्यानं माती ओढून वरून पायानं दाबली. "आता ह्याला कुणी हात लावू नगा. काढलं तर घरच्यांनाच तरास."

तो हात धुऊन निघून गेला. चहा त्याला कुणी विचारला नव्हता, पहिल्या दिवसापासून विचारला नव्हता.

संध्याकाळी बयाबाईनं दिवे मांडले, हळदकुंकू वाहिलं, पण तोंडातून आरती निघेना. अवस, आग्नेय कोपरा, मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा, आणि कोळसा कुणाच्या घरचा? रतनीच्या. एकेक गोष्ट ती बोटावर मोजत राहिली. स्वराजला सांगायचं तर तो हसणार. समीक्षाला सांगायचं तर ती घाबरणार, आणि या दिवसांत घाबरणं बरं नाही. मग सांगायचं ते भैरोबाला. सकाळी ती देवळात गेली, नारळ ठेवला, आणि अंगारा पदराच्या गाठीला बांधून आणला.

दुपारी स्वराज कामावर आणि समीक्षा झोपलेली असताना तिनं खोरं घेतलं. माती ओली, नुकतीच भरलेली, चटचट निघाली. कोळसा-मीठ तिनं हातानं नाही, खोऱ्यानंच पाटीत भरलं. पत्र्याची तार कोयत्यानं तोडली. उरलेलं टोक खड्ड्यात कोंबलं, माती लोटली, वर अंगारा टाकला आणि पायानं जमीन सारखी केली. मग ती पाटी डोक्यावर घेऊन ओढ्यावर गेली आणि सगळं वाहत्या पाण्यात सोडलं. तांब्याचा पत्रा बुडताना एकदा चमकला. ती मागं वळून न बघता घरी आली.

त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

श्रावण लागला. भिंती पाऊस पिऊन गार पडल्या, हात लावला तर ओल लागायची. फ्रिजच्या दाराला बोट लागलं की मुंग्या येतात, असं समीक्षा एकदोनदा म्हणाली. बयाबाईनं ऐकलं आणि दोनदा तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

सोमवारी बयाबाईचा उपास होता. समीक्षा भाजी धुवून उठली आणि ओल्या हातानं, अनवाणी, सारवलेल्या जमिनीवरून जाऊन तिनं फ्रिज उघडला. बयाबाईला आधी किंचाळी ऐकू आली, मग भांडं पडल्याचा आवाज. येऊन बघते तो पोरगी भिंतीला टेकून खाली बसलेली, ओठ पांढरे.

बयाबाईनं लाटण्यानं मेन पाडला. मग लाटणं फेकून तिनं सुनेला कवेत घेतलं.

"आत्या," समीक्षा म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "आत्या, ते हलत नाहीये."

जीप करून बयाबाईनं तिला कामशेतच्या दवाखान्यात नेलं. वाटभर तिचा हात सुनेच्या पोटावर होता आणि ओठ हलत होते. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. खोलीत धडधड घुमू लागली, घोडा पळावा तशी. "ठोके छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा शॉक लागता कामा नये. घरातलं फिटिंग आजच्या आज बघून घ्या."

बयाबाई बाकावर बसली. देवाचे आभार मानता मानता मनात दुसरंच चालू होतं. ते काढून टाकलं, तरी लागलंच. म्हणजे आणखी कुठं पुरलंय?

स्वराजनं विठ्ठलला बोलावून घेतलं. तो आला तो चप्पल काढायच्या आधीच बोर्डाशी गेला आणि पाडलेला मेन स्विच वर केला. खिशातून होल्डरला लावलेला बल्ब काढला, त्याची एक तार एका भोकात, दुसरी दुसऱ्यात धरली. बल्ब पेटला. मग एक तार वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब मेलेला.

"अर्थिंग न्हाई," तो पुटपुटला. "असं कसं व्हईल?"

आणि तो सरळ मागच्या कोपऱ्यावर गेला. बयाबाई उंबऱ्यात उभी राहिली. आपण बसावं की पळावं, तिला कळेना. खोऱ्याचे चार घाव पडले आणि विठ्ठलनं तुटक्या तारेचं भेंडोळं वर काढलं.

"पत्रा न्हाई. कोळसा न्हाई, मीठ न्हाई." त्यानं स्वराजकडं बघितलं, आणि त्याची नजर पहिल्यांदा कडक झाली. "तांबं कुणीतरी भंगारात घातलंय. तुमच्यातल्याच कुणीतरी."

"आमच्यातल्या?" स्वराजचं डोकं फिरलं. "आमच्यातलं कोण असं करतं मला माहिताय. गेल्या साली मोटारीची केबल कुणी विकली? नाना!" तो भिंतीकडं बघून ओरडला. "ओ नाना, बाहेर या!"

पलीकडं अंबाजी खोकत ओट्यावर आला. "काय रं, कशाला बोंबलतोस?"

"माझी बायको मरता मरता वाचली! तांब्याचा तुकडा विकून काय मिळालं तुमाला?"

"कसलं तांबं? तोंड सांभाळ!"

स्वराजनं खोरं उचललं होतं. मारायला नाही, पण उचललं होतं. अंबाजीही ओट्यावरून उतरला. रतनबाई दारात आली.

"थांब," बयाबाई म्हणाली.

कुणी थांबलं नाही.

"स्वराज, थांब म्हनते न! मी काढलंय ते."

स्वराज वळला. "तू?"

"व्हय. वड्यात टाकलं."

"का?"

बयाबाईनं भिंतीपलीकडं बघितलं नाही. "मीठ, कोळसा, तांबं, अवसेच्या दिशी कोपऱ्यात पुरलेलं. मला दुसरं काय वाटनार?"

विठ्ठल खड्ड्याच्या कडेला तसाच बसून राहिला. "मी करणी करतो, मावशी?" तो हळू म्हणाला. "तुमच्या सुनेवर?"

"मग सांगायचं हुतंस न! इचारलं तवा 'लागतं' म्हनालास."

"तुमी इचारलंत ते पडद्याआडनं. इतके दिस काम केलं, पाण्याचा तांब्या तरी म्होरं केलात का? मी कुनाशी बोलू, भिंतीशी?"

विठ्ठल थोडा निवळला. भेंडोळ्यातली तार बोटानं सरळ करत म्हणाला, "मशीनमधनं, फ्रिजमधनं थोडा करंट सुटतोच, मावशी. त्याला जायला ही वाट. तारेतनं पत्र्यात, पत्र्यातनं जमिनीत. मीठ न् कोळसा जमीन वली धरत्यात. ही वाट तोडली का त्यो माणसातनं जातो. म्हनून म्हनालो, हात लावू नगा, घरच्यांनाच तरास."

बयाबाई उंबऱ्यावर बसली, ज्या उंबऱ्यावर ती सुनेला बसू देत नव्हती. कवेत घेतलेली ती पोरगी, ते पांढरे ओठ. इतके दिवस ती ज्या हाताला शोधत होती, तो कोयता धरलेला हात तिचाच होता. तिनं तो पदराखाली घेतला.

"आता काय लागल?" तिनं विचारलं.

"पत्रा माझ्या गाडीत हाय, दुसऱ्या कामाचा. मीठ तुमच्या घरात असंल. कोळसा पायजे, कोरडा. ह्या पावसात कोरडा कोळसा रतनमावशीच्या माळ्यावरच." त्यानं भेंडोळं खाली ठेवलं. "मी मागत न्हाई आता. पयला कुटं गेला म्हनून तिनं इचारलं तर मी काय सांगू?"

रतनबाई मघाच आत गेली होती. सगळं ऐकूनच गेली होती.

बयाबाईनं रिकामी पाटी घेतली. भिंतीला वळसा घालून पलीकडं जायला दहा पावलंही लागत नाहीत. ती पलीकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"रतने."

तिनं कडी वाजवली.

"रतने, कोळसा दे."

"कशाला?" आतूनच आवाज आला. "वडा भरला न्हाई का अजून?"

बयाबाईनं ऐकून घेतलं. "चुकलं माझं. पोरीसाठी दे."

रतनबाई बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण जीभ शाबूत होती. "अक्का, करणीच करायची असती, तर मी बाभळीचा कोळसा वाया घातला असता व्हय? पाणी तापवायला लागतो मला त्यो. राखुंडी दिली असती."

"त्यो नारळ नासका हुता," बयाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"नारळ? कंचा नारळ?" मग तिच्या ध्यानात आलं. "कामशेतच्या दुकानातनं आनलेला नारळ. आत शिरून बघू का मी त्याच्या? एवढं वरीसभर त्या नारळापायी दार बंद केलंस?"

बयाबाईनं पाटी पुढं केली. रतनबाई माळ्यावर चढली, पाटी भरून आणली. वर मिठाची पुडी ठेवणार, तो हात आखडता घेतला आणि पुडी जमिनीवर ठेवली.

"मीठ हातात देत न्हाईत. भांडान व्हतं."

"आता आनखी कंचं व्हायचं राह्यलंय?" बयाबाई म्हणाली.

रतनबाईला हसू आलं, पण ते तिनं पदरात दाबलं. "पोरगी कशी हाय?"

एवढे दिवस हाच प्रश्न बयाबाईला नको होता. "ठोके चांगले हायत म्हनल्या बाई," ती म्हणाली आणि पाटी उचलली.

कोपऱ्यावर आल्यावर मात्र तिनं पाटी खाली ठेवली, एक काडी घेतली, आणि कोळसे खालीवर करून बघितले. लिंबू नव्हतं, टाचणी नव्हती, केस नव्हता. विठ्ठल बघत होता. त्यानं तोंड फिरवलं.

"बघते नुसती," ती म्हणाली.

"बघा की. मी थांबतो."

मग तिनंच थर दिले. एक मिठाचा, एक कोळशाचा, विठ्ठल सांगेल तसे. मनात भैरोबाचं नाव होतं. माती लोटून झाल्यावर विठ्ठलनं पुन्हा बल्ब लावून बघितला, मोठ्या भोकातली तार धरली, आणि बल्ब लख्ख पेटला. बयाबाईनं घरात जाऊन चहा टाकला. आधी विठ्ठलला दिला.

"आता फ्रिजला हात लावून बघा कुणीतरी," चहा पिता पिता तो म्हणाला.

समीक्षा खाटेवरून उठायला लागली. बयाबाईनं तिला हातानंच मागं सारलं. मोरीत जाऊन तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत ओले केले. पायातली चप्पल काढली. लाटणं खुंटीवरच राहिलं. अनवाणी, सारवलेल्या जमिनीवर पाय रोवून ती फ्रिजपुढं उभी राहिली, डोळे मिटले, आणि तळहात दारावर टेकवला. मग दुसराही.

"काय नाही?" स्वराजनं विचारलं.

बयाबाईनं एक डोळा उघडला. हात काढला नाही.

"आत्ता तरी न्हाई," ती म्हणाली. "विठ्ठल गेल्यावर परत एकदा लावून बघते. मंगच पोरीला उघडू द्यायचं."